माफीची तिसरी खेप

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकणाऱ्याच्या पायाखाली असतात तसे क्लच आणि ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाखालीही असतात, आणि बाई आपला ब्रेक जरा लवकरच दाबतात अशी तिची ख्याती होती. समोर कुत्रं दिसलं की दाब. रस्त्यात चेंडू आला की दाब. चेंडूमागे येऊ शकेल असं पोर अजून घरातून निघालंही नसेल, तरी दाब. तिच्या हाताखाली शिकलेल्या कुणी आजवर कुणाला धडक दिली नव्हती, पण मानेला पट्टा लागलेले दोघं-तिघं होते, असं कचेरीतली टायपिस्ट हसून सांगायची.

घरीही तिला स्वस्थता नसे. शेजारच्या खोलीत मुलाच्या हातून काही पडलं की जेवणाच्या टेबलाखाली तिचा उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा.

मुलगा एकतीस वर्षांचा होता. श्रवणयंत्रांच्या दुकानात मागच्या बाकावर बसून तो बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायचा. शांत, थोडा मिश्कील, कामात वाघ. त्याला दहाव्या वर्षापासून फिट्स येत. औषधांनी त्या ताब्यात आल्या होत्या, शेवटची येऊन चार वर्षं झाली होती. पण ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असं तिने तो शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. नवरा होता तोवर तिघांनी ती जपली, तो गेल्यावर दोघांनी. बाहेरचा असा एकच माणूस ते जाणून होता. तिचा धाकटा दीर.

दिराचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांच्या ज्यू समाजाच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, लहानथोर त्याला चष्मेकाका म्हणत. माणूस नियमाचा पक्का. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याला, दुकानाचं शटर शुक्रवारी सूर्य मावळायच्या कितीतरी आधी खाली, आणि शनिवारी तारे दिसल्याशिवाय वर नाही. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या दुकानात एक ओळखीचे गृहस्थ चष्म्याची काच बदलायला आले. त्यांची मुलगी आणि ब्रेकबाईंचा मुलगा वर्षभर एकमेकांना भेटत होते, लग्न जवळजवळ ठरलं होतं. गृहस्थांनी काच बघता बघता विचारलं, "पुतण्या कसा आहे हो तुमचा? काही सांगण्यासारखं?" आणि चष्मेकाकांनी सांगितलं. फिट्स येतात, औषध चालू आहे, बरीच वर्षं ठीक आहे.

आठवड्याभरात लग्न मोडलं.

मुलाने आईला एवढंच सांगितलं, "नाही जमलं." त्यानंतर तो तीन दिवस नेहमीसारखा कामावर गेला, नेहमीसारखा जेवला आणि नेहमीसारखा हसला. तिला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. दिराच्या तोंडून गोष्ट गेली हे तिला चष्म्याच्याच दुकानात त्या वेळी हजर असलेल्या एका बाईकडून कळलं. त्या दिवसापासून तिने दिराशी बोलणं टाकलं.

ज्यू नववर्षाच्या सकाळी प्रार्थना संपल्यावर सिनेगॉगच्या अंगणात लोक एकमेकांना शुभेच्छा देत होते. नववर्षापासून किप्पूरच्या मोठ्या उपासापर्यंत दहा दिवस असतात. त्या दिवसांत ज्याने त्याने वर्षभराचा आपला हिशेब आपणच तपासायचा, आणि ज्यांना दुखावलं असेल त्यांच्या दारी जायचं. देवाविरुद्ध केलेल्या चुका किप्पूरच्या दिवशी देव बघून घेईल. माणसाविरुद्धच्या चुका मात्र त्या माणसाने माफ केल्याखेरीज देवही हात लावत नाही. हे तिला लहानपणापासून पाठ होतं. म्हणूनच दीर गर्दीतून वाट काढत येताना दिसला तेव्हा ती चपलांकडे वळली.

"वहिनी," तो म्हणाला, "जे झालं गेलं त्याबद्दल माफ करा."

"आमचं काही झालं नाही आणि गेलं नाही," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

घरी येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. तीनदा विचारायचं असतं. माणूस तीनदा गेला, आणि तिन्ही वेळा समोरच्याने नाही म्हटलं, तर मागणारा सुटतो आणि नाही म्हणणाऱ्यावर दोष येतो. ही एक खेप झाली. अजून दोन बाकी.

दुसऱ्या खेपेला तो गाडीत बसला.

त्या सकाळी ती एका निवृत्त मुख्याध्यापिकांना शिकवत होती. मुख्याध्यापिका बाई उभ्या आयुष्यात कुणाला घाबरल्या नव्हत्या, पण चौक आला की त्यांचे हात स्टिअरिंगला चिकटायचे. मैदानाच्या फाटकाजवळ गाडी थांबली होती, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि दीर आत येऊन बसला.

"मॅडम, मला दुकानापर्यंत सोडाल का? याच रस्त्यावर आहे."

"बसा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मागे ओझं असलं की सरावही होतो."

ब्रेकबाई आरशात पाहीना. गाडी निघाली. पहिला सिग्नल ओलांडला. मग मागून आवाज आला, "वहिनी, मी पुन्हा विचारतोय. मला माफ करा."

"क्लच," ती मुख्याध्यापिकांना म्हणाली. "क्लच दाबा. आता गिअर."

"मला झोप लागत नाही."

"भावोजी, मी कामावर आहे."

"तुम्ही घरी दार उघडत नाही. मग कुठे भेटू?"

मुख्याध्यापिकांनी एक कटाक्ष आरशात टाकला. गाडी किंचित डावीकडे गेली आणि ब्रेकबाईने खाडकन ब्रेक दाबला. मागून स्कूटरवाला शिव्या घालत गेला.

"मी गाडी चालवू की ऐकू, ते एकदा सांगा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "दोन्ही नाही जमत मला. आणि हे गृहस्थ चूक मान्य करतायत असं दिसतंय. आमच्या शाळेत असं पोर सापडायला वर्ष जायचं."

"कसली चूक ते त्यांनी सांगितलं नाहीये अजून," ब्रेकबाई म्हणाली. आवाज चढला होता. "नुसतं माफ करा, माफ करा. पोस्टमनने पाकीट टाकल्यासारखं. माझं उत्तर आहे, नाही. उतरा, तुमचं दुकान आलं."

दुकान अजून दोन चौक पुढे होतं, पण तो उतरला. दार लावताना त्याने काळजी घेतली, आवाज येऊ दिला नाही. उरलेला तासभर तिने मुख्याध्यापिकांना एकाच गल्लीतून फिरवलं.

पुढचे दिवस तिचे वाईट गेले. झोप मोडायची. सकाळी उठताच आधी मुलाच्या दाराशी जाऊन त्याच्या श्वासाचा कानोसा घ्यायचा हा तिचा जुना परिपाठ होता. आता तिथे उभी राहून ती मनातल्या मनात दिराशी भांडायची. काय म्हणून माफ करू? माझ्या पोराचं घर बसत होतं. आपल्या माणसानेच तोंड उघडलं. आणि आता याला स्वच्छ होऊन उपासाला बसायचंय, माझ्या खर्चाने. मग लगेच दुसरं मन म्हणायचं, आणि तू? तू कशी बसणार उपासाला, मनात एवढी अढी धरून? तिसऱ्यांदा तो आला आणि नाही म्हणालीस तर? तिला दोष लागण्याची भीती वाटत होती, आणि भीतीपोटी माफ केलं तर ती माफी खोटी ठरेल याचीही. दोन्हीकडून तिची कोंडी झाली होती.

मुलाशी ती यातलं काही बोलली नाही. तोही विचारत नव्हता. एकदा रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "काका तुझ्या गाडीत बसले होते म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"मुख्याध्यापिका बाईंचं यंत्र आमच्याकडेच दुरुस्तीला येतं. चालवताना त्या ते काढून ठेवत नाहीत, हे बरं आहे." तो हसला. तिने डाळ वाढली आणि विषय बदलला.

किप्पूरच्या आदल्या दिवशी दुपारी ती उपासाआधीच्या जेवणाची तयारी करत होती. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही चालणार नव्हता, तो थेट दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत. दाराची घंटा वाजली. तिने भोकातून पाहिलं. दीर होता, आणि त्याच्यामागे तीन माणसं. पांढऱ्या दाढीचे हज्जान, जे सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणत, त्यांच्या बाजूला दातांचे डॉक्टर, आणि त्यांच्यामागे समाजातला प्लंबर. साक्षीला आणले होते. नियमात तसंच होतं. न जमल्यास तीन माणसं घेऊन जावं.

तिने दार उघडलं. हज्जान दारात असताना बंद ठेवणं तिला जमलं नसतं.

चौघं अवघडून बैठकीच्या खोलीत आले. खुर्च्या तीनच होत्या, प्लंबर उभा राहिला. स्वयंपाकघरातल्या नळाचा टपटप आवाज त्याच्या कानावर पडत होता आणि त्याचं अर्धं लक्ष तिकडेच होतं.

दीर उठून उभा राहिला. "वहिनी, यांच्या समोर विचारतोय..."

"थांबा," ती म्हणाली. हाताला पीठ होतं, ते तिने पुसलंही नाही. "नियम मलाही माहीत आहे. आज मी नाही म्हटलं की तुम्ही मोकळे आणि घोंगडं माझ्या गळ्यात. तेवढ्यासाठी आलात ना सगळे?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. हज्जान सावकाश म्हणाले, "बाई, नियम सुटण्यासाठी केलेला नाही. जाण्यासाठी केलाय. एरवी माणूस एकदाही जात नाही."

"मग यांना सांगू द्या कशाची माफी मागतायत ते. दोनदा आले, दोनदा नुसतं माफ करा म्हणाले."

दिराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "खरं सांगितलं त्याची माफी मागत नाही. पोरीच्या बापाने तोंडावर विचारलं. उद्या माझी मुलगी असती तर मलाही कुणी खरं सांगायला हवं होतं. ते मी पुन्हाही सांगीन."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण तो थांबला नव्हता.

"दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती. पोरीच्या बापाला मी बाहेर, बाजूला न्यायला हवं होतं. नेलं नाही. हळू बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्याआधी तुमच्याकडे यायला हवं होतं, की वहिनी, मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, तुम्हीच सांगून टाका. तेही केलं नाही." त्याने हज्जानांकडे पाहिलं. "आणि अजून एक आहे. ते सांगताना मला थोडं बरं वाटलं. तुम्ही सगळ्यांपुढे म्हणायचात, आमच्या पोराला साधा खोकला झाला नाही कधी. दादा जिवंत असतानाही. मी शेजारी उभा असायचो आणि मान डोलवायचो. तुमच्यासाठी वीस वर्षं खोटी मान डोलवली मी. त्या दिवशी नाही डोलवली, आणि मला बरं वाटलं. त्याची माफी मागतोय."

नळ तेवढा टपटपत होता.

तिने किती दिवस उत्तरं तयार ठेवली होती, त्यातलं एकही या बोलण्याला लागू पडेना. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"माझ्याकडे का आलात पण?" ती शेवटी म्हणाली. "फिट्स मला येत नाहीत. लग्न माझं मोडलं नाही. त्याच्याकडे गेलात?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

"का?"

"तुमच्याकडे येणं सोपं होतं. तुम्ही नाहीच म्हणणार, हे ठाऊक होतं. तो काय म्हणेल ते ठाऊक नाही. भीती वाटते त्याची."

त्याच्याकडे गेलात का, हे तिने दिराला विचारलं होतं. सहा महिने ती स्वतः कुठे गेली होती? लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा मुलगा म्हणाला होता, आई, मी तिला सांगून टाकतो. आणि ती म्हणाली होती, आधी ठरू दे पक्कं, मग सांगू, घाई काय आहे. त्याने दोन-तीनदा विचारलं. दोन-तीनदा तिने तेच सांगितलं. तो ऐकत आला होता, दहाव्या वर्षापासून.

"माझ्या वाटचं मी सोडलं," ती दिराला म्हणाली. "खरंच सोडलं, वरवर म्हणत नाहीये. पण माझ्या वाटचं फार थोडं होतं. तो दुकानात आहे आत्ता. लवकर बंद करणार आहेत, लगेच निघा."

दिराचे डोळे भरले होते, आणि त्याने चष्मा पुन्हा पुसायला काढला. बाकीचेही निघाले. जाता जाता प्लंबर म्हणाला, "वॉशर गेलाय ताई. उद्या तर नाही, परवा येतो."

दार लागल्यावर तिने भाजी गॅसवर चढवली. आपण त्याला मुलाकडे पाठवलं खरं, पण मुलाला हे झेपेल का? भर दुकानात चार माणसं, तेही उपासाच्या तोंडावर. ताण, अपुरी झोप, उपाशी पोट, या तिन्ही गोष्टींपासून त्याच्या डॉक्टरांनी त्याला जपायला सांगितलं होतं. तिने फोन उचलला आणि ठेवला. पुन्हा उचलला. भाजी खाली लागली. ती खरवडत असताना कुलपात किल्ली फिरली.

मुलगा हातपाय धुऊन टेबलाशी बसला.

"काका आले होते," तो म्हणाला. "तिघांना घेऊन. आमचा मालक घाबरला, त्याला वाटलं कसली तरी तपासणी आली."

"मग?"

"मग काय? त्यांनी मागितली, मी केलं माफ."

"एवढ्या लवकर?"

"त्यांना कुणीतरी विचारलं, त्यांनी खरं सांगितलं. चारचौघांत सांगितलं ते चुकलं. ते म्हणाले चुकलं. अजून काय हवं?" त्याने पोळी मोडली. "भाजी लागलीये का?"

ती त्याच्यासमोर बसली. इतकी वर्षं दुसऱ्यांना गर्दीत गाडी घालायला शिकवलं होतं, पण हे कुठून सुरू करायचं ते तिला कळेना.

"मला पण मागायची आहे," ती म्हणाली.

तो चावायचा थांबला.

"तू तिला सांगणार होतास. मी सांगू दिलं नाही. ते माझं चुकलं. आणि त्याच्याही आधीपासून, लहानपणापासून, मी तुला सांगत आले की लपव. तेही. तू मला माफ कर."

त्याने पोळीचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाला, "ती काय म्हणाली माहितीये तुला? शेवटच्या दिवशी?"

"तू सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. ती म्हणाली, हे तू मला सांगायला हवं होतंस. मी म्हणालो, सांगणारच होतो, आईने थांब म्हटलं. तर ती म्हणाली, मग तर आणखीच वाईट." तो कसनुसा हसला. "बरोबर होतं तिचं. एकतीस वर्षांचा बाप्या, आणि म्हणतो, आईने थांब म्हटलं."

"म्हणून तर माफी मागतेय."

"आज नको, आई."

"आजच तर... थोड्या वेळात सूर्य मावळेल. उद्या किप्पूर आहे."

"तेच म्हणतोय मी. उद्या किप्पूर आहे म्हणून तू मागतेस. काकाही म्हणूनच आले, पण त्यांचं ठीक आहे, त्यांचं एका दुपारचं होतं. तुझं वीस वर्षांचं आहे. ते मी असं पोळी खाता खाता कसं निकालात काढू? हो म्हटलं तर ते खोटं ठरेल." तो तिच्याकडे बघून बोलत होता, रागावलेला नव्हता. "मी नाही म्हणत नाहीये. आज नको म्हणतोय."

"मग मी उपासाला कशी बसू?"

"तशीच बस," तो म्हणाला. "मीही तसाच बसणार आहे."

ती तशीच बसली. त्या संध्याकाळी सिनेगॉग भरलेलं होतं, पुरुष खाली, बायका वर सज्जात. पांढऱ्या कपड्यांनी खालचं दालन उजळून निघालं होतं. हज्जानांचा आवाज चढत गेला तसतसा तिचा जीव आणखी आकसत गेला. आजूबाजूच्या बायका चुकांचे शब्द म्हणत छातीवर मूठ हलकेच आपटत होत्या. आम्ही खोटं बोललो, आम्ही फसवलं, आम्ही कठोर झालो. तीही म्हणत होती. पूर्वी हे शब्द ती भरभर म्हणून टाकायची, आपला त्यांच्याशी फार संबंध नसल्यासारखी. आता खोटं बोललो या शब्दाशी ती अडखळली आणि बाकीच्यांच्या मागे पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा जीव घड्याळात होता. मुलाची दुपारची गोळी. ती चुकवायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती, आणि हज्जानांनीही पूर्वीच सांगितलं होतं की पाण्याच्या घोटाबरोबर औषध घेणं त्याच्यासाठी पापाचं नाही, कर्तव्याचं आहे. तरी दरवर्षी तो ती गुपचूप खालच्या चपलांच्या खोलीत जाऊन घ्यायचा. तशी तिनेच सवय लावली होती. लोकांना वाटेल उपास मोडला, असं ती त्याला सांगायची. खरं तर लोक विचारतील याची तिला धास्ती होती.

दोन प्रार्थनांच्या मधे थोडी उसंत मिळाली. ती कठड्यावरून वाकून बघत होती. तो उठेल, चपलांच्या खोलीकडे जाईल. तो उठला नाही. बसल्या जागी त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्याला. वर सज्जापर्यंत ऐकू आला तो पट्टीचा चरचर आवाज, की तिला तसा भास झाला, कोण जाणे. दोन रांगा पुढे बसलेल्या कुणीतरी मान वळवली. मग आणखी एकाने. कुणीतरी त्याला काही विचारलं, त्याने काही उत्तर दिलं. तीन-चार शब्दच असतील. शेजारी बसलेल्या चष्मेकाकांनी पुस्तकातून डोकं वर काढलं, पुतण्याकडे पाहिलं, आणि इकडे तिकडे न बघता पुन्हा वाचायला लागले.

तिच्या बाजूच्या बाईने तिच्या दंडाला हात लावला. "मुलाला बरं नाही का हो? पाणी प्याला तो."

तिच्या जिभेवर उत्तरं तयार होती. पित्त झालंय. डोकं चढलंय. काल रात्री जागरण झालं. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली उत्तरं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"त्याला औषध असतं," ती म्हणाली. "कशाचं ते त्यालाच विचारा. सांगेल तो."

"हो का," बाई म्हणाली आणि जरा मागे सरली.

असं बोलून आपल्याला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. आता ही जिना उतरून विचारेल, मग घरी जाऊन सांगेल, उद्या अख्ख्या समाजात बोभाटा होईल. मुलाला आता कोण मुलगी देणार. हे सगळं तिच्या मनात आलं, एकामागून एक, आणि ती तिथे बसून राहिली. खाली जाऊन मुलाला काही सांगावं, असा मोह तिला दोनदा झाला. ती उठली नाही, इतकंच.

तारे दिसल्यावर उपास सुटला. अंगणात त्याला तिघंचौघं भेटले, काही बोलले, एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. घरी जाताना ती त्याच्या शेजारून चालली. तो काय म्हणाला असेल, ते काय म्हणाले असतील, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. घरी पोचल्यावर त्याने तिच्यासाठी आधी पाण्याचा ग्लास भरला.

महिन्याभराने तो वेगळा राहायला गेला. श्रवणयंत्रांच्या दुकानावरच मालकाची एक खोली रिकामी होती. "भांडून जात नाहीये," तो म्हणाला. तिने वाद घातला, रडली, मग त्याच्यासाठी चादरी घडी करून दिल्या. पहिल्या आठवड्यात सकाळी उठून ती त्याच्या रिकाम्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायची. दीर शनिवारी संध्याकाळी येऊन बसायला लागला. दोघं फारसं बोलत नसत. पण येत होता.

आणि मग एका मंगळवारी, भर दुपारी, ती एका सुताराला गाडी मागे घ्यायला शिकवत होती. फोन वाजला, मुलाचं नाव दिसलं आणि तिचं काळीज लक्‌कन हललं. तिने गाडी थांबवायला लावली.

"काय झालं?"

"काही नाही. आई, तू ते मला विचारलं होतंस ना, उपासाच्या आदल्या दिवशी?" मागे कुठलंतरी यंत्र किरकिरत होतं. "केलं."

"काय केलं?"

"माफ. आज सकाळी कामावर बसल्या बसल्या लक्षात आलं की झालंय."

सुतार आरशात बघत वाट पाहत होता.

"सगळं?" ती म्हणाली.

"आई, गिऱ्हाईक आलंय. ठेवतो."

संध्याकाळी घरी गेल्यावर तिने त्याला फोन लावायला घेतला. सगळं म्हणजे किती, हे तिला विचारायचं होतं. शाळेतलं धरून की फक्त लग्नातलं? की तो नुसताच, मला बरं वाटावं म्हणून म्हणाला? त्याने उचलल्यावर मात्र ती म्हणाली, "जेवलास का?"

"जेवलो," तो म्हणाला. "आणि तू?"